तळातलं जेवण

‘नदी मेली’ असं आपण सहज म्हणून टाकतो. मुळा-मुठेबद्दल तर हमखास. पण भीमेच्या कडेचा मूठभर काळा गाळ उचलून पांढऱ्या ताटलीत पसरा. तो वळवळतो. लालभडक, सुतासारख्या अळ्या आणि किडे. फिशटँकच्या दुकानात माशांना खायला जे लाल किडे मिळतात, त्यांचेच हे भाऊबंद. म्हणजे तळात जीव आहेत, तेही खच्चून. मग माशांचं अडतंय कुठे?

दौंड तालुक्यातलं वाळकी आणि शिरूर तालुक्यातलं रांजणगाव सांडस, इथे मुळा-मुठा भीमेला मिळते. पुढे बरंच अंतर भीमा हीच दोन्ही तालुक्यांची हद्द. आमचं घर दौंडच्या बाजूला, माझी नोकरी पुण्यात. आठवडाभर मी ज्या सांडपाण्यात भर घालतो, ते शनिवारी माझ्या आधी गावाला पोचलेलं असतं.

ह्या अळ्या लाल का? त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. मैला कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात. त्यात ३० अंश तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. तो तळाशी जवळजवळ संपला, तरी हिमोग्लोबिनच्या जोरावर ह्या अळ्या तग धरतात. माशांचं तसं नाही. मत्स्यजीवनासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. म्हणजे ताट वाढलेलं आहे, पण तिथे बसून श्वास घेता येत नाही.

आणि हे ताट लहान माशांसाठी फार महत्त्वाचं असतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू आधी पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खातं. जरा मोठं झालं की अनेक जातींची पिल्लं तळाकडे वळतात. आपली वाम लांबट नाकाड घेऊन रात्री गाळ-वाळू हुंगत फिरते आणि किड्यांच्या अळ्या टिपते. ज्याच्या अंड्यांचं कॅव्हियार होतं, तो स्टर्जन अगदी वेगळ्या कुळातला मासा, पण त्याचीही तीच रीत. तोंड खाली, पुढे चार मिशा, सगळा शोध तळात. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या समुद्राकडच्या पट्ट्यात शास्त्रज्ञांनी पांढऱ्या स्टर्जनच्या पिल्लांच्या पोटात काय आहे ते तपासलं. त्यात मुख्यतः कोरोफियम नावाचे, तळात बिळं करून राहणारे, झिंग्यांसारखे बारके जीव निघाले. त्या नदीत जहाजांसाठी गाळ उपसतात. त्यामुळे उपसा करताना पिल्लांच्या जेवणाचं काय होतं, हा प्रश्न तिथे विचारावा लागतो.

आपल्याकडेही उपसा आहे, वाळूचा. वाळूच्या कणांमधल्या फटीत पाणी खेळतं, ऑक्सिजन पोचतो. तिथे शिंपले राहतात, चतुराची आणि मेफ्लायची पिल्लं वाढतात. सक्शन बोट वाळूबरोबर हे सगळं बिऱ्हाड ओढून घेते आणि मागे खोल खड्डा उरतो. महसूल खात्याने अशा बोटी जिलेटिन लावून उडवल्याच्या बातम्या शिरूर-दौंडला नव्या नाहीत. पण बोट उडवली म्हणून तळ परत येत नाही. थोडक्यात, जिथे जेवण आहे तिथे श्वास नाही, आणि जिथे श्वास घेता आला असता तिथला तळच उचलून नेलाय.

आमचे चुलते हे मानत नाहीत. ‘मासे कुठं कमी झालेत? जाळं भरतंय की,’ म्हणतात. भरतंय, खरंय. पण चिलापीने. चिलापी मूळची आफ्रिकेतली. शेवाळ, कुजका पाला, किडे, काहीही तिला चालतं आणि कमी ऑक्सिजनही ती बराच सोसते. वजनकाट्यावर नदी ठणठणीत दिसते. आमच्या आजीला विचारलं, तर ती वामीचं कालवण आठवते आणि चिलापीला ‘हे कसलं मासं’ म्हणते.

नुसता आकडा बघून सिस्टीम चालू आहे असं समजायचं नाही, हे माझ्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. नदीसाठीही तशी मोजणी आहे. ब्रिटनमध्ये तळातल्या जीवांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत तयार झाली, आणि आपल्या केंद्रीय मंडळाने ती इथल्या नद्यांसाठी बदलून घेतली. स्वच्छ पाणी लागणाऱ्या मेफ्लायच्या काही कुळांना १० गुण, आपल्या लाल अळ्यांना २, ट्युबिफेक्स किड्यांच्या गटाला १. जीव किती हे इथे गौण. हजार लाल अळ्या सापडल्या तरी गुण दोनच.

ह्याचा सोपा अवतार कुणालाही जमतो. चाळणी, पांढरी ताटली, पाण्याबाहेर आल्यावर साबणाने धुतलेले हात. पाणी ओसरल्यावर काठाजवळचा थोडा तळ चाळायचा आणि किती तऱ्हेचे जीव दिसले ते लिहून ठेवायचं, दर वर्षी त्याच जागी. यंदा मी चुलत्यांच्या पोरांना वहीत पहिलं पान आखून दिलंय. रकाने सहा आहेत: लाल अळी, गोगलगाय, शिंपला, झिंगा, चतुराचं पिल्लू, मेफ्लायचं पिल्लू. पोरांनी स्वतःहून सातवा वाढवला, वाम. ती ताटलीत येणारा जीव नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.