गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद



एरवी इथे आपण मधुमेह, रक्तदाब, पित्त यांवर बोलतो. आजचा विषय आहे छंद, मित्र आणि काम यांचा मेळ. ‘हा काय आरोग्याचा विषय झाला?’ असं काहींना वाटेल. दवाखान्यातल्या अनुभवावरून सांगतो, नक्कीच आहे.

माझा दवाखाना शिरवण्यात. एका बाजूला जुनं आगरी गाव, दुसरीकडे एमआयडीसी आणि आजूबाजूला सिडकोच्या इमारती. पाळी सुटलेले कामगार आणि जुईनगर स्टेशनवर उतरून थेट येणारे नोकरदार, यांची गर्दी संध्याकाळीच असते. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्याची खरी कमाईही त्याच वेळची. तरी गेली काही वर्षं गुरुवारची संध्याकाळ मी बंद ठेवतो. त्या दिवशी आम्ही चार मित्र जमतो. मी पेटी वाजवतो, एक जण तबला, दोघं गातात. भजनं, नाट्यगीतं, मग चहा आणि गप्पा. आमच्यातलं कुणीही मैफल गाजवणारं नाही.

एका पेशंटने सरळ विचारलं, “डॉक्टर, गुरुवारी ताप आला तर?” प्रश्न रास्त आहे. त्या संध्याकाळी शेजारचे डॉक्टर माझे पेशंट बघतात, रविवारी सकाळी मी त्यांचे बघतो. तातडीचं असेल तर नेरूळच्या महापालिका रुग्णालयात जावं, असं दारावर लिहिलेलं आहे. छंदासाठी वेळ काढायचा तर आधी ही व्यवस्था लावावी लागते, नाहीतर त्याचा भार दुसऱ्या कुणावर तरी पडतो.

आता मूळ मुद्दा. ‘सारखं थकल्यासारखं वाटतं’ म्हणून येणारे चाळिशीतले पेशंट बरेच असतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर हे आधी तपासायलाच हवं. झोपेचीही चौकशी करावी लागते. पण सगळं नॉर्मल आलं की मी विचारतो, “कामाशिवाय कुणाला शेवटचं कधी भेटलात?” बहुतेक जण आठवत बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत ‘बर्नआउट’ची नोंद आहे. तो आजार मानलेला नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून आलेली अवस्था मानली आहे. तिची खूण तीन गोष्टींत दिसते: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आणखी एक गोष्ट. २०१० साली १४८ अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. त्यांत मिळून तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणून मैत्री हे औषध आहे असं सिद्ध होत नाही. पण ती चैनीची वस्तू नाही, एवढं तरी त्यातून समजावं.

डॉक्टर आणि कला म्हटलं की आपल्याला डॉ. श्रीराम लागू आठवतात. कान-नाक-घशाचे सर्जन असलेल्या लागूंनी १९६९ साली पूर्ण वेळ रंगभूमीचा रस्ता धरला. तो मोठाच निर्णय, पण बहुतेकांना परवडणारा नाही. मला दुसरं उदाहरण जवळचं वाटतं. १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला प्रॅक्टिस करणारे. नाना फडणवीस करणारे डॉ. मोहन आगाशे पुढे मानसोपचाराचे प्राध्यापक झाले. त्याच गटातले नाटककार सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रात नोकरी करत. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवलं, तेव्हा या मित्रांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि प्रयोग पुन्हा सुरू केले. एकट्याचा छंद असता तर तो तिथेच संपला असता. तो गटाचा होता म्हणून टिकला.

हे आमच्या साध्या गुरुवारलाही लागू पडतं, याचा प्रत्यय गेल्या वर्षी आला. आमचा तबलजी एका कारखान्यात फिटर. तो सलग दोन गुरुवार आला नाही, फोनवर ‘काम आहे’ म्हणाला. तिसऱ्या गुरुवारी आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. नोकरी सुटून महिना झाला होता. घरात सांगितलं नव्हतं, झोप उडाली होती आणि मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत होते. त्याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. उपचार लागू पडले, आता दुसरी नोकरीही आहे. त्याच्या परवानगीनेच हे लिहितोय. तो माझा पेशंटसुद्धा आहे, पण दवाखान्यात तो आलाच नव्हता. माणूस आला नाही हे कळायला, तो कुठेतरी ठरलेल्या वेळी येत असावा लागतो.

म्हणून सांगतो, ‘वेळ मिळाला की बघू’ म्हणू नका, तो मिळत नाही. आठवड्यातला एक वार ठरवा, निदान दोन माणसं सोबत घ्या. कॅरम असो, चित्रकला असो, नुसतं चालणं असो. आणि कुणी सलग दोनदा आलं नाही, तर फोनवर थांबू नका, घरी जा.

काळजी घ्या.