मुरमाच्या मैदानावर पास

बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे नेण्याचे दोनच मार्ग आहेत. टप्पे मारत पळायचे, त्याला ड्रिबल म्हणतात. किंवा चेंडू सहकाऱ्याकडे टाकायचा, तो पास. धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांमधल्या प्राथमिक शाळांत पहिला मार्ग बहुधा जमीनच अडवते. पटांगण काळ्या मातीचे असेल तर उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल पायाला चिकटून वर्गात येतो. मुरमाचे असेल तर खड्याला लागलेला टप्पा भलतीकडेच जातो. पास मात्र कोठेही देता येतो. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या अशा शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलांना खेळ शिकवताना प्रस्तुत लेखकाने सुरुवात नेहमी पासपासून केली, आणि पुष्कळदा शेवटही तेथेच झाला.

खेळाच्या इतिहासातही पासचाच मान पहिला आहे. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ तयार केला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत चेंडू घेऊन पळायला मनाई होती. चेंडू जेथे हाती आला तेथूनच तो टाकावा लागे. ड्रिबल नंतर आले. पहिल्या सामन्यात प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू होते, म्हणजे खो-खोच्या मैदानावर उतरतात तेवढेच. पुढे १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा सामने उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टांवर खेळवले गेले. अंतिम सामन्याच्या वेळी पाऊस आला, चिखलात चेंडूचा टप्पा उठेना आणि अमेरिकेने कॅनडाला अवघ्या १९–८ अशा गुणांनी हरवले. सिमेंटचे कोर्ट नसलेल्या शिक्षकाने हा सामना ध्यानात ठेवावा.

शाळेच्या कपाटात चेंडू असला तर तो बहुधा सात नंबरचा, म्हणजे मोठ्या पुरुषांचा असतो: घेर ७५ सेंटिमीटरच्या पुढे, वजन सुमारे ६०० ग्रॅम. तिसरीच्या मुलाच्या पंजात तो मावत नाही आणि छातीवर आदळला की ते मूल पुढच्या वेळी तोंड फिरवते. लहानांसाठी पाच नंबरचा चेंडू योग्य. त्याचा घेर सुमारे ७० सेंटिमीटर आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. रबरी चेंडू स्वस्त पडतो व मुरमावर टिकतो, पण पटांगणाच्या कडेला बाभळी असतील तर खेळाआधी मुलांकडून काटे वेचून घ्यावेत. हवा भरताना पिन ओली करून घालावी. कोरडी पिन आतला वॉल्व्ह फाडते. पाच नंबरचा चेंडू नसेल तर व्हॉलीबॉल चालतो. पहिली-दुसरीसाठी चिंध्यांचा चेंडू सर्वांत चांगला, कारण तो लागत नाही आणि हातातून सुटला तरी लांब पळत नाही.

खेड्यातल्या मुलांना फेकायला शिकवावे लागत नाही. चिंचेवर, बोरीवर दगड मारून त्यांचा हात तयार झालेला असतो आणि आबाधुबीत पळत्या पोराच्या पाठीत चेंडू कसा बसवायचा हेही ठाऊक असते. अडचण नेमकी तीच आहे. ही सगळी फेक एका हाताची, खांद्यावरून आणि समोरच्याला लागावी अशी असते. पास मात्र समोरच्याने झेलावा म्हणून द्यायचा असतो. म्हणून शिकवणे देणाऱ्यापासून सुरू न करता घेणाऱ्यापासून सुरू करावे. पुस्तकांत पासचे प्रकार आधी व झेलणे नंतर असा क्रम बऱ्याचदा दिसतो. प्राथमिक वर्गांना तो उपयोगी पडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

झेलण्याची पहिली पायरी बसून होते. दोन मुले समोरासमोर पाय फाकवून बसतात आणि चेंडू जमिनीवरून एकमेकांकडे घरंगळत देतात. यात भीती नसते, पण डोळे चेंडूवर आणि पंजे उघडे ठेवण्याची सवय लागते. नंतर उभे राहून अगदी जवळून, खालून वर अलगद टाकलेला चेंडू झेलायचा. चेंडू छातीच्या उंचीवर आला तर बोटे वर आणि अंगठे एकमेकांजवळ. कमरेच्या खाली आला तर बोटे जमिनीकडे आणि करंगळ्या जवळ. बोटांची टोके कधीही सरळ चेंडूकडे रोखलेली नसावीत, नाहीतर बोट मुडपते. चेंडू हातात येताच कोपर वाकवून तो अंगाकडे ओढून घ्यायचा. ताठ हातांवरून तो उसळून जातो. बरीच मुले दोन्ही हातांनी चेंडूला छातीशी कवटाळतात. त्यांना रागावण्यापेक्षा काही दिवस पुन्हा चिंध्यांचा चेंडू द्यावा.

याच टप्प्यावर एक नियम घालून द्यावा: समोरच्याने दोन्ही पंजे दाखवल्याशिवाय चेंडू सोडायचा नाही. ‘हात दाखव की!’ ही आरोळी मग मुलेच एकमेकांना देऊ लागतात. या एका नियमाने नाकावर बसणारे चेंडू तर थांबतातच, शिवाय देणाऱ्याला समोर बघण्याची सवय आपोआप लागते.

त्यानंतर चेस्ट पास. चेंडू छातीसमोर, दोन्ही हातांच्या बोटांनी धरलेला; तळहात चेंडूला टेकलेले नाहीत, अंगठे मागच्या बाजूला आणि कोपर अंगाजवळ. एक पाऊल समोर टाकत हात सरळ करायचे आणि शेवटी मनगटे अशी फिरवायची की अंगठे जमिनीकडे जातील. चेंडू सुटल्यावर अंगठे कोठे आहेत हे पाहिले की पास बरोबर झाला की नाही ते शिक्षकाला लांबूनही कळते. लहान मुलांत जोर दंडातून येत नाही, पावलातून येतो. पाऊल न टाकणारे मूल चेंडू डोक्यामागे नेऊन भिरकावते. दोघांमधले अंतर सुरुवातीला दोन-अडीच मीटर पुरे. हुरूप आलेली मुले लगेच मागे सरकतात, त्यांना पुढे ओढावे लागते.

चेंडू दोन आणि मुले तीस, अशा वर्गात भिंत कामी येते. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंतींवर पाढे, नकाशे आणि बाराखडी रंगवलेली असते, त्यामुळे निशाणासाठी वेगळे वर्तुळ काढण्याचीही गरज उरत नाही. ‘नऊच्या पाढ्यावर मार’ म्हटले की उंची आणि दिशा दोन्ही ठरतात. भिंतीच्या पलीकडे वर्ग चालू नसावा एवढीच अट.

बाउन्स पास चौथी-पाचवीसाठी ठेवावा. मधल्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर, म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूला, टप्पा पडला की चेंडू त्याच्या कमरेपर्यंत येतो. मुले टप्पा स्वतःच्या पायाजवळ मारतात आणि चेंडू डोक्यावरून जातो. म्हणून टप्प्याच्या जागी खडूने फुली काढावी. हा सराव शाळेच्या व्हरांड्यातच जमतो. ओव्हरहेड पास, म्हणजे कपाळाच्या वरून दिलेला, या वयात फारसा लागत नाही. दाखवून पुढे जावे.

यापुढची अडचण या जिल्ह्याची खास आहे. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार सारिका काळे येथलीच. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. लहान गावातही चौकटी आखलेल्या दिसतात आणि तिसरीतली मुले झपाट्याने उठून पळणे, हुलकावणी देणे, वाकून राहणे या गोष्टी शिकूनच आलेली असतात. बास्केटबॉलला याचा फायदा होतो. पण खो-खोत बसलेल्या खेळाडूने खो मिळेपर्यंत जागा सोडायची नसते, आणि ही शिस्त अंगात भिनलेली मुले पासच्या खेळातही चेंडू येईपर्यंत खांबासारखी उभी राहतात. चेंडू दिल्यानंतरही देणारा तेथेच थांबून पाहत राहतो. चेंडू येण्याआधी मोकळ्या जागेत सरकणे त्यांना जणू चोरी वाटते.

यावर चार कोपऱ्यांचा सराव उपयोगी पडतो. चार कोपऱ्यांत चार रांगा. ज्याने पास दिला त्याने त्याच दिशेने धावत जाऊन पुढच्या रांगेच्या शेवटी उभे राहायचे. चेंडू सोडण्याआधी समोरच्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. आवाज देण्याची सवय खो-खोमुळे आधीच असते, ती येथे फुकट मिळते. हे बसले की मग पाय रोवणे शिकवावे: चेंडू हातात असताना एक पाऊल जागेवर ठेवून दुसऱ्याने फिरता येते, रोवलेले पाऊल मात्र सरकवता येत नाही. एका पायाखाली पोत्याचा तुकडा ठेवला की मुलांना लगेच समजते.

खरा कस दहा पासांच्या खेळात लागतो. पाच-पाच जणांचे दोन संघ, चुन्याने आखलेला चौकोन, ड्रिबल नाही, चेंडू घेऊन पळणे नाही. एका संघाने सलग दहा पास पूर्ण केले की एक गुण. मुले पास मोठ्याने मोजतात. पहिल्या काही दिवसांत दोन गोष्टी हमखास दिसतात. पाचवीतला थोराड मुलगा चेंडू धरून बसतो, आणि मुले मुलींना पास देत नाहीत. ‘टाक की हिकडं, मी मोकळी हाय!’ असे ओरडून ओरडून एखादी मुलगी शेवटी चौकोनाबाहेर जाऊन उभी राहते. उपदेशाने यात फरक पडत नाही. नियम बदलल्याने पडतो. ज्याच्याकडून चेंडू आला त्याला तो लगेच परत द्यायचा नाही आणि संघातील प्रत्येकाच्या हाताला चेंडू लागल्याशिवाय गुण नाही, एवढे जाहीर केले की तोच थोराड मुलगा मोकळी मुलगी शोधू लागतो. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते, तेव्हा हा खेळ पहिल्या तासाला घ्यावा. दहानंतर मुरूम आणि चेंडू दोन्ही तापतात.

कोर्टाशिवाय जाता येईल अशी शेवटची पायरी म्हणजे टोपलीचा खेळ. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक मूल लाकडी स्टुलावर टोपली धरून उभे राहते आणि साथीदारांनी टाकलेला चेंडू टोपलीत झेलते. त्याच्याभोवती दीड मीटरचे वर्तुळ आखावे व त्यात कोणालाही येऊ देऊ नये, म्हणजे स्टुलाला धक्का लागत नाही. मिनी बास्केटबॉलची कडी २.६० मीटरवर आणि मोठ्यांची ३.०५ मीटरवर असते. स्टुलावरच्या मुलाची टोपली त्याहून खाली राहते आणि हलतेही, त्यामुळे लहानांनाही गुण मिळतो. टोपलीवाला दर पाच मिनिटांनी बदलावा. त्या जागेसाठी भांडणे होतात.