निळं की काळं

आमच्या सांगलीतल्या प्रेसमध्ये रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द अण्णांचा. मशीनवरून उतरलेला ताव खिडकीपाशी नेऊन ते "मजेंटा चढलाय" म्हणाले, की मशीनमन मुकाट्याने शाई कमी करायचा. माझ्या आठवणीत याला अपवाद नव्हता. मग गेल्या वर्षी एका जुन्या साडीवाल्या शेठांचा कॅटलॉग छापला आणि मुखपृष्ठावरची गर्द निळी पैठणी काळी आली. अण्णा म्हणाले, निळीच आहे. शेठ त्याच साडीचा ब्लाउजपीस टेबलावर टाकून निघून गेले. दोन हजार प्रती पडून, बिल अडकलेलं, बोलणं बंद.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला वाटलं, हा प्रश्न मोजमापाचा आहे. छपाईआधी खात्रीचं प्रूफ काढून त्यावर गिऱ्हाइकाची सही घेतली, तर भांडणाला जागाच उरणार नाही. पिगमेंट शाईचा एक बरा इंकजेट घेतला आणि शनिवार-रविवार सांगलीला जाऊ लागले.

पहिला शनिवार ड्रायव्हरमध्ये गेला. कॉम्प्युटरने वायफायवर प्रिंटर ओळखून स्वतःचाच सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला होता. त्यात कागदाचे दोन-तीनच प्रकार, आणि रंगांची ढवळाढवळ बंद करायची सोयच नाही. कंपनीचा मूळ ड्रायव्हर टाकल्यावर ती सापडली. ती हवीच, कारण सॉफ्टवेअरने रंग एकदा बदलले आणि ड्रायव्हरने ते पुन्हा बदलले, तर दुहेरी दुरुस्तीत सगळंच बिघडतं. हे काम दोघांपैकी एकानेच करायचं.

दुसरा आठवडा प्रोफाइलचा. आयसीसी प्रोफाइल म्हणजे फाइलमधल्या अमुक आकड्यांना यंत्र प्रत्यक्षात कोणता रंग दाखवतं, याची नोंद. कागद बनवणाऱ्या कंपन्या ती तयार देतात. पण ती त्या प्रिंटरची, त्या शाईची, त्या कागदाची आणि ड्रायव्हरमधल्या त्याच सेटिंगची असते. यातलं एक जरी बदललं, तरी फाइल तीच राहते, पण खरी राहत नाही. म्हणून मित्राकडून स्पेक्ट्रोफोटोमीटर आणला, रंगदुरुस्ती बंद ठेवून रंगांच्या चौकोनांचा तक्ता छापला, रात्रभर वाळू दिला आणि सकाळी मोजून आमचं स्वतःचं प्रोफाइल बनवलं. ऑफसेटच्या बाजूने आर्ट पेपरसाठीचं फोग्रा 39 घेतलं. रेंडरिंग इंटेंट ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिक ठेवला, म्हणजे छपाईच्या कागदाचा पांढरेपणासुद्धा प्रूफवर उतरतो.

मग त्याच मुखपृष्ठाचं प्रूफ काढलं. पैठणी काळीच आली. म्हणजे चूक मशीनची नव्हती, फाइल सीएमवायके करतानाच निळा मेला होता. हे प्रूफ तेव्हा असतं, तर प्लेटा काढण्याआधीच कळलं असतं.

"काय कळलं असतं?" अण्णा म्हणाले. ब्लाउजपीस आणि प्रूफ खिडकीपाशी शेजारी ठेवून त्यांनी मान तिरकी केली. "जुळतंय की."

मी दोन्ही मोजून दाखवलं. कापडावर मोजमाप काटेकोर येत नाही, पण नजरेला जेमतेम कळणारा फरक डेल्टा ई 1 च्या आसपास धरतात. इथे 12 आला.

"यंत्र चुकतंय तुझं," म्हणून ते आत गेले.

रात्री जेवताना आई सहज म्हणाली, "हल्ली एका पायात निळा, एका पायात काळा मोजा घालून जातात." आम्ही दोघी हसलो. मग हसायच्या थांबलो.

सोमवारची सुट्टी टाकून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं, डॉक्टर म्हणाले. इतकं हळूहळू, की ज्याचं त्याला कळत नाही. आधी उजवा डोळा करायचं ठरलं.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी अण्णा प्रेसमध्ये आले. कुणाशी न बोलता प्रूफ आणि ब्लाउजपीस खिडकीपाशी नेला. डावा डोळा हाताने झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. बराच वेळ.

"डाव्यानं अजून जुळतंय," एवढंच म्हणाले. मग फोन उचलला. "शेठ, साडी तुमची निळीच होती. पुन्हा छापून देतो."

आता आमच्याकडे गिऱ्हाइकाआधी अण्णा प्रूफवर सही करतात. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर तो हाताने झाकूनच.