नागपूरच्या पुढे

आम्ही मुंबईची चाळकरी माणसे. विदर्भ म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी, आणि तिथूनच परतीची गाडी. यंदा मात्र लेकराबाळांसह प्रथमच चंद्रपूर गाठले. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी इथेही दीक्षा दिली. ती भूमी आधी पाहिली.

शहराभोवती गोंड राजांचा परकोट आहे, जटपुरा दरवाजातून आजही रहदारी चालते. जवळच सांबारवडी खाल्ली, वर कढी. (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडली शोधू नये!)

भद्रावती इथून सुमारे २५ किलोमीटर. एस.टी.ने गेलो. विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. बोगद्यासारखी वाट सरळ खडकात शिरते. डोळे अंधाराला सरावले तेव्हा टोकाला बसलेले बुद्ध दिसले. काटकोनात आणखी दोन वाटा, त्यांच्या टोकालाही बुद्धच. अजिंठ्यासारखी चित्रे नाहीत, गर्दीही नव्हती. आईला अजिंठा कधी घडला नाही, गुडघ्यांमुळे आता घडणारही नाही. इथे मात्र आमचा हात धरून ती टोकापर्यंत गेली, मूर्तीपुढे बसली आणि उठायचे नाव घेईना. लेकरेही गप्प.

दुसऱ्या दिवशी वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात. इथे १९९३ पासून दारूबंदी आहे. मोह म्हणजे दारू, एवढेच आम्ही ऐकून होतो. एका गोंड घरी वाळवलेली मोहफुले भाजून दिली, मनुकांसारखी गोड. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे फुलांचा सडा पडतो, तेव्हा घरातली सगळी टोपल्या घेऊन वेचायला निघतात, असे घरधनीण सांगत होती. आईने पदरात मूठभर बांधून घेतली.