पाठीवरचे बिऱ्हाड

सोलापूरचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आमचा गावकरी हसेल. आमच्या गावी सिद्धेश्वराचे तळे आहे, गड्ड्याची जत्रा आहे, चादरी आहेत, आणि वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढविणारे ऊन आहे. समुद्र पाहायचा तर मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असे साडेतीनशे किलोमीटर जावे लागते. तरीही गेली चार वर्षे आमच्या माजघरात, काचेच्या पेटीत, समुद्राचे दोन प्रजाजन सुखाने नांदत आहेत. हे शंखात राहणारे खेकडे. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षे समजावून देत आलो. पण खरेखुरे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारा प्राणी घरी आल्यावरच मला तिचा अर्थ उमगला.

या कथेचा आरंभ मात्र सुखाचा नाही. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही रत्नागिरीला गेलो होतो. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत लहान लहान शंख तुरुतुरु चालताना कन्येने पाहिले आणि ती हरखून गेली. जवळच कालवे काढीत बसलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "मास्तर, नेऊ नका हो. तुमच्याकडे जगायचे नाहीत ते." मास्तर कोणाचे ऐकतो थोडेच! चार खेकडे फराळाच्या रिकाम्या डब्यात बसून सोलापूरला आले. मी नळाच्या पाण्यात स्वयंपाकघरातले मीठ विरघळवून त्यांच्यासाठी समुद्र तयार केला. तिसऱ्या दिवशी चौघेही गेले. कन्येने मला दोष दिला नाही, ती फक्त "बाबा, त्या आजी सांगत होत्या ना?" एवढेच म्हणाली. त्या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

पुढे वाचून कळले ते असे. आपल्या कोकणच्या खडकांत सहज सापडणारे हे खेकडे भरती-ओहोटीचे रहिवासी. त्यांच्या कल्ल्यांना खरे समुद्रपाणीच हवे. समुद्रात नुसते मीठ नसते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षारही असतात. शिवाय आमच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन! मी त्यांना समुद्राच्या नावाखाली विषच पाजले होते.

त्यानंतर दोन वर्षांनी मुंबईच्या भाच्याची बदली झाली आणि त्याने दुकानातून हौसेने घेतलेले दोन खेकडे आमच्या गळ्यात पडले. हे जमिनीवर राहणाऱ्या जातीचे. अंदमान, लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवर असे खेकडे आढळतात. इंग्रजीत यांना 'हर्मिट', म्हणजे एकांतवासी बैरागी म्हणतात. शास्त्रज्ञांनी मात्र नाव दिले 'सीनोबिटा', म्हणजे मठात इतरांसंगे राहणारा. भाषेच्या माणसाला येथे शास्त्रज्ञांचीच बाजू घ्यावी लागते, कारण हा प्राणी एकटा ठेवला की झुरतो. कन्येने या दोघांची नावे अप्पा आणि अण्णा ठेवली.

या खेपेला मी आधी अभ्यास केला. हे खेकडे जमिनीवर राहतात खरे, पण श्वास घेतात तो कल्ल्यांनीच. ते कल्ले सदैव ओलसर लागतात. हवेतली आर्द्रता ७० ते ८० टक्के हवी. ती उतरली की खेकडा हळूहळू गुदमरतो. आणि आमचा उन्हाळा तर ओठ फोडणारा! मग पेटीवर काचेचे झाकण आले, आत आर्द्रतामापक आला, आणि पेटीभोवती भिजवलेला सोलापुरी टॉवेल आला. त्याने पेटी गार राहते. आमच्या मागांनी अनेकांची अंगे पुसली असतील. खेकड्यांना उन्हाळा तारून नेण्याचे पुण्य बहुधा आमच्याच टॉवेलाला लाभले.

पाण्याच्या वाट्या दोन: एक क्लोरीन घालविलेल्या गोड्या पाण्याची, दुसरी सागरी मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या मिठाची. आहारात ओले खोबरे, गाजर, पालक, अंड्याचे कुटलेले टरफल आणि कच्चे शेंगदाणे. सोलापूरची शेंगाची चटणी अर्थातच वर्ज्य. सुकट मात्र हवीच. सौ.ने तिला परवानगी दिली, पण डबा गॅलरीत ठेवण्याच्या अटीवर.

सर्वांत महत्त्वाची वाळू. ती वीतभर खोल आणि मुठीत दाबली तर लाडू वळावा इतपत ओली हवी. कारण वाढीसाठी खेकड्याला अंगावरची कात टाकावी लागते, आणि ती तो वाळूत पुरून घेऊन टाकतो. पहिल्याच उन्हाळ्यात अण्णा नाहीसे झाले. आठवडा गेला, महिना गेला. मी उलथने घेऊन उकरायला निघालो तेव्हा कन्या पेटीसमोर आडवी उभी राहिली. "बाबा, या वेळी तरी थांबा." मी थांबलो. कात टाकलेला खेकडा लोण्यासारखा मऊ असतो. उकरला तर मरतो. टाकलेली कात खाऊनच तो नव्या कवचासाठी चुना मिळवितो. सातव्या आठवड्यात अण्णा वर आले, रंगाने उजळ आणि अंगाने थोराड.

थोराड झाले म्हणजे घर अपुरे पडले. दुकानदाराने त्यांना रंगवलेल्या शंखांत बसविले होते. त्या रंगाचे पापुद्रे पोटात जाणे धोक्याचे. मग दिवाणखान्यातल्या कपाटात शोभेसाठी ठेवलेले, जुन्या सहलींतले शंख उकळून पेटीत ठेवले. एका रात्री अण्णांनी गोल तोंडाचा मोठा शंख पसंत केला, आणि त्यांच्या रिकाम्या जागेत अप्पा शिरले. किनाऱ्यावर तर हे खेकडे लहानमोठ्या क्रमाने रांग लावतात आणि एकाने घर बदलले की मागचे सारे एकेक पायरी वर चढतात. ना पागडी, ना घरमालकाची कटकट! २०२४ साली पोलंडमधील संशोधकांनी जगभरची छायाचित्रे तपासली, तेव्हा शंखाऐवजी बाटल्यांची टोपणे वगैरे कचरा पाठीवर घेतलेले ३८६ खेकडे त्यांना आढळले. जमिनीवरच्या १६ जातींपैकी १० जाती त्यांत होत्या.

नीट सांभाळले तर हा प्राणी तीस वर्षेही जगू शकतो. दुकानातून आलेले बहुतेक मात्र काही महिन्यांतच जातात. याची पिल्ले समुद्रात वाढतात, घरच्या पेटीत ती होणे जवळपास अशक्य. म्हणजे विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. म्हणून आल्यागेल्याला मी सांगतो, पदरात पडलेला जपा. नवा आणू नका.

गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा रत्नागिरीला गेलो. त्या आजी दिसल्या नाहीत. परत निघताना कन्या वाळूत बसली आणि पिशवीतून आणलेले, कपाटात उरलेले सारे शंख तिने एकेक करून ओल्या वाळूवर मांडले. "कुणाला तरी लागतील," ती म्हणाली. आमच्या शोभेच्या कपाटाचा एक खण तेव्हापासून रिकामा आहे.