चिमणी बसवणारा माणूस

वसईत राहून बोंबील तळायचे नाहीत, असा नियम करण्यापेक्षा वसई सोडलेली बरी. आज स्वयंपाकघरातून येतो तो वास असतो. उद्या तोच उशीला आणि इस्त्रीच्या सदऱ्याला येऊ लागला की त्याला निराळे नाव द्यावे लागते. म्हणून आमच्या घरात चिमणी घ्यायचे ठरले. जुन्या कौलारू घरांत धूर कौलांतून आपला आपण निघून जाई. सिमेंटच्या घरात त्याला वाट काढून द्यावी लागते.

चिमणी विकत घेणे सोपे असते. ताशी 1200 घनमीटर हवा ओढते, असे दुकानदाराने सांगितले की आपण मान डोलवायची. अवघड असते ते तिला बसवणारा माणूस निवडणे.

पहिला गृहस्थ आला तो छिन्नी-हातोडा घेऊनच. 1739 साली चिमाजीआप्पांच्या फौजेने वसईच्या तटाला सुरुंग लावले, त्या आवेशात त्याने भिंतीकडे पाहिले आणि छताला लागून खडूने वर्तुळ काढले. तिथे बीम आहे, असे मी म्हणालो. “थोडा कापला तर काय होतंय साहेब!” 2025 च्या ऑगस्टात विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 माणसे गेली. त्यानंतर या भागात बीम ‘थोडा’ कापण्याची भाषा करणाऱ्याला चहासुद्धा देऊ नये. मी दिला नाही.

दुसरा स्वस्त होता आणि गोड बोलत होता. भोक नको, काही नको. मागच्या खिडकीतून नळी सोडली की झाले. ती खिडकी उघडते इमारतीच्या आतल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत, आणि समोरच, चार हातांवर, शेजारच्या आजींच्या खोलीची खिडकी. आजींना दमा आहे. आमचा धूर त्यांच्या उशाशी नेऊन सोडायचा, एवढाच त्या स्वस्ताईचा अर्थ होता.

तिसरा मिस्त्री वयस्कर. आल्याआल्या त्याने चिमणीकडे पाहिलेच नाही. सौभाग्यवतींना विचारले, “ताई, आठवड्यातून तळण किती वेळा?” मग भिंत ठोकून पाहिली, मागच्या खिडकीतून वाकून पाहिले आणि म्हणाला, “समोर कोण राहतं?” माझ्या मनात त्याची निवड तिथेच झाली. दर विचारायचा राहिला होता, तो मागाहून विचारला. जास्त होता.

त्याने नळी माळ्याखालून नेऊन रस्त्याकडच्या भिंतीतून काढायची ठरवली. “वळणं दोनच. जितकी वळणं, तितकी ओढ कमी.” शेगडीपासून चिमणी साधारण 26 ते 30 इंचांवर हवी, खाली आली तर आचेची धग लागते, वर गेली तर धूर बाजूने निसटतो. सोसायटीचे पत्र हाती पडेपर्यंत त्याने भिंतीला हात लावला नाही. तोवर सौभाग्यवतींनी दोनदा माझ्याकडे असे पाहिले, की स्वस्तातला मनुष्य परत बोलवावा की काय असे मला वाटू लागले होते.

शेवटी त्याने पाणी सोडत चालणाऱ्या यंत्राने विटांच्या भिंतीत सहा इंचांचे गोल भोक पाडले. ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवले. वसईचा आडवा पाऊस त्याला ठाऊक होता. तोंडाशी झडपेचे झाकण बसवले, “नाहीतर खऱ्या चिमण्या घरटं करतील.” बटण दाबून त्याने जाळीला वर्तमानपत्राचा तुकडा लावला, तो चिकटून राहिला. मी पैसे काढले. त्याने हातानेच थांबवले, सौभाग्यवतींना बोंबील टाकायला सांगितले आणि स्वतः शेजारी आजींच्या खोलीत जाऊन उभा राहिला. पाचएक मिनिटांनी समोरच्या खिडकीतून त्याचा आवाज आला.

“ताई, तळायला घेतलंत का?”

“दुसरा घाणा चाललाय!” त्या ओरडल्या.