चाकांची पत्रिका

एकतीस वर्षें मीं पुण्यांतील एका शाळेंत गणित शिकविलें. व्यास वाढला कीं परीघ वाढतो, हें वाक्य मीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल याची गणती माझी मलाच करवणार नाहीं. परंतु त्या वाक्याचा खरा अर्थ मला कळला तो सेवानिवृत्त झाल्यावर, पुण्यापासून हजारों मैल दूर असलेल्या डेन्व्हर शहरांत. आणि तो शिकविणारा गुरु होता मोटारीचा एक टायर!

२००८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आम्ही उभयतां मुलाकडे सहा महिन्यांच्या मुक्कामासाठीं गेलों होतों. चिरंजीवांनीं नुकतीच एक जुनी मोटार विकत घेतली होती. २००२ सालची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स. दिसण्यांत साधी, पण कुळी मोठी. याच इम्प्रेझाच्या बळावर त्या कंपनीनें १९९५, १९९६ आणि १९९७ अशीं लागोपाठ तीन वर्षें जागतिक रॅली-स्पर्धेंत उत्पादकांचें अजिंक्यपद मिळविलें होतें. मुलाला तिच्या वेगाचें कौतुक. सूनबाईंना कौतुक एवढेंच कीं, ती चारही चाकांनीं ओढणारी गाडी असल्यामुळें बर्फांत ती घसरण्याची भीति कमी. चार वर्षांची नात मागच्या आसनावर बसून गाडीशीं मराठींत बोलत असे.

सप्टेंबरांत एके दिवशीं रस्त्याच्या कडेचा दगड लागून मागच्या एका टायरची कूस फाटली. तेथल्या दुकानदारानें उरलेल्या तीन टायरांच्या नक्षीची खोली एका लहानशा मापानें मोजली आणि सांगितलें, “हे तिन्ही निम्मे झिजले आहेत. चारही नवे घाला. नाहीं तर एकच नवा घेऊन तो या तिघांच्या मापाला तासून घ्या.”

नवा टायर विकत घेऊन तो मुद्दाम तासावयाचा! माझ्या पुणेरी मनाला ही कल्पना कोऱ्या धोतराला कात्री लावण्यासारखी वाटली. मी मुलाला बाजूला घेऊन म्हटलें, “अरे, एक फाटला आहे, एक बदल. तीन चांगले टायर फेंकून देण्याइतके पैसे वर आले आहेत का तुला? हे सारे व्यापाऱ्यांचे डाव.” मुलगा क्षणभर घुटमळला. त्याला यंत्रांचें ज्ञान माझ्याहून पुष्कळच अधिक. परंतु लहानपणापासून माझ्यापुढें वाद न घालण्याची त्याला संवय. तो म्हणाला, “बरं बाबा, तुम्ही म्हणतां तसं.” दुसऱ्या कंपनीचा, पण त्याच मापाचा एक स्वस्त टायर बसवून आम्ही घरीं आलों. त्या रात्रीं मी आपल्या व्यवहारचातुर्यावर फार संतुष्ट होतों.

जानेवारीच्या आरंभीं आम्ही सारे डोंगरांतून परत येत होतों. बर्फ पडून गेलें होतें. पेट्रोल भरण्यासाठीं मुलानें गाडी वळवली, तोंच खालून कण्हल्यासारखा आवाज झाला आणि गाडी अडखळत, धक्के देत चालूं लागली. जणू पुढचीं चाकें एकीकडे ओढीत होतीं आणि मागचीं दुसरीकडे. त्या स्थितींत पुढचा घाट उतरण्याचें धाडस मुलाला होईना. ओढून नेणारी मोटार येईपर्यंत दोन तास आम्ही तेथें थांबलों. नात माझ्या मांडीवर शालींत गुरफटून झोपीं गेली होती. सूनबाई एक शब्दही बोलल्या नाहींत, आणि तेंच मला अधिक बोंचलें.

दुसऱ्या दिवशीं कारागिरानें निदान केलें: मधलें यंत्र जळून गेलें आहे.

तें यंत्र काय, हें मी त्या रात्रीं मुलाकडून समजून घेतलें. मोटार वळते तेव्हां पुढचीं चाकें मोठ्या वाटेनें जातात आणि मागचीं लहान वाटेनें. चारही चाकांना एंजिनाची शक्ति मिळत असेल, तर पुढच्या व मागच्या जोडीला निरनिराळ्या गतीनें फिरूं देणारा कोणी मध्यस्थ हवा. त्या मध्यस्थाचें नांव सेंटर डिफरन्शियल. हातानें गिअर बदलावयाच्या या गाडींत त्याला जोडून एक बंद डबी असते. तिच्यांत पातळ चकत्यांच्या दोन माळा, एकींत एक गुंफलेल्या पण एकमेकींना न चिकटलेल्या, सिलिकोनच्या दाट तेलांत बुडालेल्या असतात. वळणावरचा थोडासा फरक तें तेल सोसतें. एखादी जोडी बर्फांत गरगरूं लागली, तर मात्र तें तापतें आणि दोन्ही जोड्यांना बांधून ठेवतें. हा मध्यस्थ प्रसंगापुरता भांडण मिटविणारा आहे. घरांत अष्टौप्रहर भांडण चालूं राहिलें, तर तो तरी काय करणार? बिचारा तापून तापून संपला.

आणि तें भांडण मीं लावून दिलें होतें. कागद-पेन्सिल घेऊन मी बसलों. टायरवर माप होतें २०५/५५ आर १६. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ५५, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि आंतील चाकाचा व्यास १६ इंच. यावरून नव्या टायरचा व्यास सुमारें ६३२ मिलिमीटर येतो. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर खोल, जुन्याची राहिलेली ४. म्हणून जुन्याचा व्यास ६२४. नवा टायर एका किलोमीटरांत ५०४ फेरे घेतो, तर जुना ५१०. हिशेब कागदावरचा असला तरी फरक खरा. दर किलोमीटरला सहा फेऱ्यांचा कलह! चार महिन्यांत गाडी सुमारें सात हजार किलोमीटर धांवली होती. चाळीस हजारांहून अधिक फेऱ्यांचें अंतर त्या एका चाकानें आणि त्याच्या भावंडांनीं मनांत सांठवून ठेविलें होतें. गाडीच्या कंपनीची शिफारस अशी कीं, चारही टायरांच्या परिघांत पाव इंचाहून अधिक फरक नसावा. माझ्या काटकसरीनें तो एक इंचाचा करून ठेविला होता. एकतीस वर्षें परीघ शिकविणाऱ्या मास्तरांनीं हें गणित दुकानांत केलें असतें, तर दोन मिनिटेंही लागलीं नसतीं. दुरुस्तीला चार नव्या टायरांच्या दुपटीहून अधिक खर्च आला.

मग नवे टायर निवडण्याचें काम मुलानें माझ्यावरच सोंपविलें. तें शिक्षा म्हणून कीं माझें मन राखण्यासाठीं, हें मीं विचारलें नाहीं. शोध करतां करतां मला दिसलें कीं, टायरच्या कुशीवर त्याची सगळी पत्रिकाच कोरलेली असते. माप हें गोत्र. त्यापुढील ‘८९ व्ही’ यांत ८९ म्हणजे ५८० किलो भार सोसण्याची शक्ति आणि ‘व्ही’ म्हणजे ताशीं २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. जन्मवेळही असते: चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन सालाचे. आणि पत्रिका पुरतेपणीं जुळली तरी निरनिराळ्या कंपन्यांचे एकाच मापाचे टायर प्रत्यक्षांत थोडे लहानमोठे निघतात. म्हणून चौघेही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे, एकाच वेळीं घेतलेले असावेत.

मुलाला हौस होती ती १७ इंची चाकांची. पूर्वीं मी सरळ नाहीं म्हटलें असतें. आतां मीं गणित केलें. २१५/४५ आर १७ चा व्यास आला ६२५, म्हणजे मूळच्यापेक्षां सुमारें ७ मिलिमीटर कमी. २२५/४५ आर १७ चा आला ६३४, म्हणजे फरक अवघा २ मिलिमीटर. दुसरें स्थळ पसंत पडलें. आणि जुनीं १६ इंची चाकें? तीं हिवाळ्याच्या टायरांसाठीं ठेविलीं. बर्फांत अरुंद टायर अधिक चांगला रुततो. दोन संचांत थोडा फरक असला तरी बाधा नाहीं, कारण ते एका वेळीं कधींच गाडीला नसतात. बाधा एका संचांतल्या चौघांत फरक पडण्याची. तो पडूं नये म्हणून दर दहाएक हजार किलोमीटरांनीं पुढचे मागें व मागचे पुढें करावयाचे, म्हणजे चौघेही सारखे झिजतात.

“पण बाबा,” मुलगा मिस्किलपणें म्हणाला, “निसान जीटी-आरही चारी चाकांनींच धांवते, आणि तिचे मागचे टायर तर पुढच्यांहून रुंद असतात!” मी पुन्हां कागद ओढला. पुढें २५५/४० आर २०, मागें २८५/३५ आर २०. व्यास ७१२ आणि ७०७.५. रुंदींत ३० मिलिमीटरांचा फरक, पण व्यासांत पांचाहूनही कमी. कर्त्यांनीं कुशीची उंची कमी करून चाल जुळवून घेतली होती. रुंदी वेगळी चालेल. चाल फार वेगळी चालणार नाहीं.

त्या रात्रीं मी मुलाला म्हटलें, “अरे, त्या दिवशीं चूक माझी झाली. तुला कळत होतें, तर बोलला कां नाहींस?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, तुमच्यापुढं बोलायचं मला अजून जमत नाहीं.” मधला मध्यस्थ किती वर्षें तापत होता, हें मला त्या क्षणीं कळलें. यानंतर जें पटणार नाहीं तें तोंडावर सांगण्याचें वचन मीं त्याच्याकडून मागून घेतलें. त्यानें तें पाळलें आहे. आणि तें पाळलें जातें तेव्हां मला अजूनही थोडा राग येतो, हेंही येथें कबूल करतों.

मीं हट्टानें घेतलेला तो स्वस्त टायर नवाच होता, पण आमच्या गाडीच्या कामाचा उरला नव्हता. परतण्याच्या आदल्या दिवशीं मागील अंगणांत पाहतों तों मुलानें तो झाडाला दोरानें बांधून नातीसाठीं झोंपाळा केला होता. तेथें तो एकटाच होता, आणि कोणाशीं जुळवून घेण्याची त्याला गरजही नव्हती.